पॅनेलशिवाय उभी राहिले, त्याबद्दल

पॅनेल नसताना, म्हणजे गावातल्या कुठल्याच गटाच्या उमेदवारांच्या यादीत नसताना, ग्रामपंचायतीला उभं राहता येतं का, हा प्रश्न मला आत्तापर्यंत इतक्या जणींनी विचारलाय की म्हणलं एकदा बसून सगळं लिहूनच काढावं. येतं. कुणाची परवानगी लागत नाही, कुणाचं पत्र लागत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतंच मुळी, घड्याळ नाही कमळ नाही हात नाही, राज्य निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतलं एक चिन्ह मिळतं आणि तेवढ्यावर लढायचं. लढाई असते ती पॅनेलची. दोन पॅनेल, त्यांचे दोन पुढारी, दोघांचेही तालुक्याला कुठं ना कुठं लागेबांधे, आणि त्यांच्या मधे जो कोणी उभा राहील त्याला "अपक्ष हाय ते" म्हणून सोडून द्यायचं अशी रीत पडून गेलीय. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत मी त्या मधल्या जागेवर उभी राहिले होते, सदस्यपदाला, सर्वसाधारण जागेवर.

सर्वसाधारण जागेवर हे मुद्दाम लिहिते. आपल्याकडं ग्रामपंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे आणि त्यामुळं लोकांच्या डोक्यात असं बसलंय की महिला राखीव जागा बायांची आणि उरलेल्या सगळ्या पुरुषांच्या. असं नाहीये. सर्वसाधारण म्हणजे सगळ्यांना खुली, बाईलाही खुली. आमच्या वॉर्डात दोन जागा होत्या, एक इतर मागासवर्ग महिला आणि दुसरी सर्वसाधारण. पहिली माझ्यासाठी नव्हती, म्हणून मी दुसरीवर अर्ज भरला. यावर गावात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या मुद्द्यांवर झाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

आमचा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जावळी तालुका, सातारा जिल्हा, कोयनेचं बॅकवॉटर म्हणजे शिवसागर. बामणोली, तापोळा ही नावं पर्यटकांमुळं सगळ्यांना ठाऊक झालीत, वासोट्याला जाणारे इथनंच बोटीत बसतात. आमचं गाव त्या वाटेवर नाही, गावाचं नाव मी लिहीत नाही कारण त्यातली माणसं रोज भेटणारी आहेत. साठच्या दशकात कोयना धरण झालं, १०५ टीएमसीचं पाणी साठलं आणि नदीकाठची सपाट जमीन, भाताची खाचरं, जुने रस्ते सगळं खाली गेलं. पुष्कळ गावं सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्याकडं वसवली आणि जी राहिली ती वर सरकून डोंगराला चिकटली. मग ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, मग १९८५ ला कोयना अभयारण्य, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक वेळी राज्याच्या गरजेचं काहीतरी झालं, वीज झाली, जंगल राखलं, आणि ते व्हायलाच पाहिजे होतं हे मी मनापासून मानते, पण प्रत्येक वेळी आमची वाट आणखी थोडी आखडली. आमची गट ग्रामपंचायत आहे, सात सदस्य, वाड्या विखुरलेल्या, त्यातली एक वाडी तर खाडीसारख्या आत घुसलेल्या पाण्याच्या पलीकडं. सरळ बघितलं तर समोर दिसते, माणसानं हाक मारली तर ऐकू येते, आणि पायी जायचं म्हणलं तर अख्खा डोंगर वळसा घालून दुपार होते. नकाशात आम्ही बेट नाही पण पावसाळ्यात बेटासारखंच राहतो.

बेटावरनं आठवलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी म्हणून बेटं आहेत, तिथं २०२२ च्या मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक झाली तेव्हा २१ जागांपैकी १९ जागांवर अपक्ष निवडून आले आणि दोन ग्रीन पार्टीचे. मोठे पक्ष तिथं स्थानिक कारभारात जवळपास नाहीतच. आमच्या निवडणुकीच्या थोडंच आधी मी हे वाचलं आणि मला त्याचं फार बळ आलं. छोट्या जागेत, जिथं बोट कधी सुटते आणि डॉक्टर कुठं आहे हेच खरे प्रश्न असतात, तिथं माणूस बघून मत देणं ही काही विचित्र गोष्ट नाही एवढं तरी पटलं.

आता मी उभी का राहिले. पायऱ्यांसाठी. ज्याला हे लहान वाटेल त्यानं एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं यावं. पावसाळ्यानंतर पाणी वरपर्यंत असतं तेव्हा लाँच थेट धक्क्याला लागते, बाई डोक्यावर पोतं घेऊन चार पावलांत बोटीत. पण वीजनिर्मितीला आणि शेतीला पाणी सुटत जातं तसं पाणी खाली खाली उतरतं आणि धक्का वर कोरडा राहतो. मधे उतार आणि गाळ. वरनं भेगाळलेला दिसतो, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो आणि पाण्याजवळ गुडघ्यापर्यंत. माझ्या सासूबाईंना, आम्ही आत्या म्हणतो, एका एप्रिलमध्ये संध्याकाळी छातीत दुखायला लागलं. बांबूला घोंगडं बांधून डोली केली, भावकीतली चार पोरं खांद्यावर घेऊन उतरली, मी पुढं बॅटरी धरून. गाळात पुढच्या पोराचा पाय रुतला, चप्पल आतच राहिली, डोली एका बाजूला कलली आणि आत्यांनी घोंगड्याची कड धरली ती त्यांच्या हाताची शिर मला अजून दिसते. एकही शब्द नाही बोलल्या. पोरं म्हणत होती "आजी धरून बसा, आजी धरून बसा." लाँचवाल्यानं फळी टाकली, ती फळी पण गाळात घसरायला लागली, शेवटी तोच कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि खालनं आधार दिला. आत्या वाचल्या. सगळ्यांच्या नशिबात ते नव्हतं, आणि बाळंतिणींचं तर मी इथं लिहितही नाही.

तर पायऱ्या. धक्क्यापासून खाली उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपर्यंत दगडी किंवा काँक्रीटच्या रुंद पायऱ्या, कडेला धरायला पाइप आणि वर एक सोलर दिवा. बचत गटाच्या मीटिंगमध्ये आम्ही बायका हे कित्येक वर्षं बोलत होतो. ग्रामसभेत मांडलं तर "बघू, निधी न्हाई" एवढंच. मग मी ई-ग्रामस्वराज ह्या सरकारी पोर्टलवर बघायला शिकले. ही गोष्ट सगळ्यांनी शिकावी, अगदी कळकळीनं सांगते. मोबाइलवर आपला जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की पंधराव्या वित्त आयोगाचा किती पैसा आला, आराखड्यात कुठली कामं धरली, कुठल्या कामावर किती खर्च पडला हे दिसतं. त्या पैशातला ६० टक्के भाग तेव्हा बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा होता आणि ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेनुसार. माझं म्हणणं एवढंच होतं की ह्या ४० टक्क्यांतलं थोडं थोडं दरवर्षी पायऱ्यांना लावा, एका वर्षात होणार नाही, चार वर्षांत होईल. कुणी पैसे खाल्ले असा माझा आरोप नव्हता आणि आजही नाही. निर्णय घेणाऱ्या सात जणांत डोलीच्या पुढं बॅटरी धरून चाललेलं कुणी नव्हतं, एवढीच माझी तक्रार.

निवडणूक लागली आणि पहिली मीटिंग झाली ती बिनविरोध करण्याची. देवळात. ह्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण पॅनेलशिवाय उभं राहणाऱ्याची खरी परीक्षा मतदानाच्या दिवशी होत नाही, ह्या मीटिंगला होते. गाव बिनविरोध करायचं म्हणणारी माणसं वाईट नसतात. निवडणुकीनं भावकी फुटते हे खरं आहे, आमच्याच गावात दोन सख्खी भावंडं एका निवडणुकीनंतर लग्नाला एकमेकांच्या दारात गेली नव्हती, सप्त्याची पंगतसुद्धा वेगवेगळी व्हायची. हे सगळं आठवून म्हातारी माणसं हात जोडून सांगतात की नको, आपसात ठरवा. मला त्यांचा आदर आहे. पण आपसात म्हणजे कोणाकोणात? त्या देवळात खांबापाशी बसलेले पंधरा-वीस जण, सगळे पुरुष, त्यातले निम्मे मुंबईहून खास आलेले. बायका बाहेर पायरीवर. पलीकडच्या वाडीचं तर कुणीच नव्हतं कारण त्यांना निरोपच गेला नव्हता. दोन्ही पॅनेलनी सात जागा वाटून घेतल्या, अडीच-अडीच वर्षं उपसरपंचपदसुद्धा ठरलं, आणि मग कुणीतरी म्हणालं की एक अर्ज येणार हाय असं ऐकतोय.

थोरल्या अण्णांनी मला आत बोलावलं. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे आणि मलाही आहे.

"सूनबाई, तू शिकलेली हायस, तुला कळतंय. गाव एक राह्यलं पायजे."

मी म्हणलं, "अण्णा, गाव एकच हाय. मी काय गावाच्या बाहेरनं उभी राहत न्हाई."

"पुढच्या टायमाला महिला जागा आली की तुझंच नाव. सगळ्यांसमोर शब्द देतो."

"मला जागा नको अण्णा. पायऱ्यांचं काम आत्ता कागदावर घ्या, ठराव करा, दोन्ही पॅनेलच्या लोकांनी सह्या करा, मी अर्ज भरत न्हाई. इथंच सांगते."

कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला की असा ठराव देवळात होत नसतो, तो पंचायतीत व्हायचा. मी म्हणलं मग पंचायतीतच येते. एवढंच झालं. आवाज कुणी चढवला नाही, मीही नाही. मामा, म्हणजे माझे सासरे, कोपऱ्यात बसले होते, ते उठले आणि माझ्या मागनं बाहेर आले आणि घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत, घरी आल्यावर आत्यांना म्हणाले "अर्जाचं ५०० रुपय माझ्याकडनं." सर्वसाधारण उमेदवाराला अनामत ५०० होती, मागासवर्गीयाला १००. ते पैसे त्यांनी खरंच दिले, दहा-दहाच्या आणि वीसच्या नोटा.

बिनविरोधाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. खरोखर सगळ्यांना विचारून, वाड्या-वाड्यांतनं बायकांना बसवून कामं आणि माणसं ठरली तर बिनविरोधसारखी चांगली गोष्ट नाही. पण ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांना गप्प बसवायला बिनविरोध होत असेल तर निवडणूक झालेलीच बरी. आपल्याच राज्यात ह्याचं टोक बघितलंय, जानेवारी २०२१ मध्ये नाशिकचं उमराणे आणि नंदुरबारची खोंडामळी ह्या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक आयोगानं रद्द केली कारण तिथं पदांचा लिलाव झाला होता. आमच्याकडं लिलाव नव्हता. पण पाच वर्षांतनं एकदाच उमेदवार दारात येतो आणि म्हातारी बाई त्याला चार प्रश्न विचारू शकते, ती एक संधी पण काढून घ्यायची म्हणजे काय उरलं.

अर्जाची गोष्ट. आमच्या वेळी २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर अर्ज भरायचे, ५ ला छाननी, ७ ला दुपारी तीनपर्यंत माघार आणि लगेच चिन्हवाटप, १८ डिसेंबरला रविवारी मतदान, २० ला मतमोजणी. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रिंट तहसीलला द्यायची होती. आमच्याकडनं सकाळची लाँच पकडून बामणोली, तिथनं जीपनं घाट चढून उतरून मेढा, आणि तिथं केंद्रावर बघते तर सर्व्हर बंद. सगळ्या राज्यात तेच चाललं होतं. रांगेत माझ्यापुढं दोन्ही पॅनेलची पोरं फाइली घेऊन बसलेली, त्यांचा माणूस आत, त्यांचा वकील फोनवर. माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी. शेवटी आयोगानं ऑफलाइन अर्ज घ्यायला परवानगी दिली आणि शेवटच्या दिवशी वेळ साडेपाचपर्यंत वाढवली म्हणून बरं, नाहीतर आमच्यासारख्या लांबनं आलेल्यांचं अवघड होतं. कागद काय काय लागले तर शौचालय वापरत असल्याचा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नाही याचा दाखला, १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनच्या वरचं मूल झालेलं नाही याचं घोषणापत्र, मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती, आणि निवडणुकीपुरतं वेगळं बँक खातं. ज्यांचा जन्म १९९५ चा किंवा त्यानंतरचा त्यांना सातवी पासचा दाखला. ह्यातला एकही कागद अवघड नाही पण प्रत्येक कागदाला कुणाची तरी सही लागते आणि तो कुणीतरी जागेवर सापडावा लागतो, पॅनेलच्या माणसाला सही घरपोच येते आणि एकट्या माणसाला त्यासाठी लाँच पकडून जावं लागतं. फरक तिथं पडतो.

मला छत्री मिळाली. आमच्याकडं चार महिने छत्रीशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही त्यामुळं चिन्ह समजावत बसायची वेळ आली नाही.

सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला खर्चाची मर्यादा तेव्हा २५ हजार होती. माझा तेवढा झालाच नाही. बॅनर लावला नाही, जेवण घातलं नाही, एका रंगात छापलेली पत्रकं आणि लाँचचं डिझेल. गावातल्या लाँचवाल्यांची पंचाईत झाली होती, त्यांचं पोट सगळ्या गावावर, त्यांनी एकाच्या प्रचाराला बोट दिली की दुसऱ्याचा राग. मी त्यांना विचारलंच नाही. वरच्या अंगाच्या एका गावच्या माणसानं डिझेलचे पैसे घेऊन पलीकडच्या वाडीला सोडलं. त्याची पावती मी खर्चात लावली. खर्च रोजच्या रोज ट्रू व्होटर ॲपवर टाकायचा होता आणि आमच्या घरात रेंज नाही, म्हणून रोज संध्याकाळी वरच्या सड्यावर म्हणजे पठारावर चढायचं, तिथं एका ठरावीक दगडापाशी दोन काड्या येतात, तिथं उभं राहून डिझेलची आणि झेरॉक्सची रक्कम भरायची. पॅनेलच्या पोरांनाही तिथंच यावं लागायचं. त्या दगडापाशी आम्ही सगळे नीट बोलायचो, चहा आणला असेल तर चहा द्यायचो.

प्रचारात सगळ्यात जास्त वेळ गेला तो मत कसं द्यायचं हे सांगण्यात. सरपंच थेट जनतेतनं निवडायची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला बंद झाली आणि २०२२ ला परत सुरू झाली, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांना काही कळेना. आमच्या वॉर्डातल्या मतदाराला तीन बटणं दाबायची होती. सरपंचाचा कागद फिकट निळा, इतर मागासवर्ग महिलेचा पिवळा, सर्वसाधारणचा पांढरा. बरीच माणसं एकच बटण दाबतात आणि निघायला लागतात. मी पुठ्ठ्यावर तिन्ही रंगांचे कागद चिकटवून घरोघरी दाखवायचे, निळ्यावर एक, पिवळ्यावर एक, पांढऱ्यावर एक, कुणालाही द्या पण तिन्ही द्या. एका आजीनं मला विचारलं, "तू तुझंच बटान दाखवायचं सोडून समद्यांची का दाखवतीस?" मी म्हणलं आजी, मत तुमचं आहे, वाया जायला नको. त्यांनी पुठ्ठा मांडीवर घेतला आणि तीन वेळा बोटानं दाबून बघितलं आणि मग शेजारणीला बोलावून तिला शिकवायला लागल्या. पुढच्या दोन-तीन घरांत मला शिकवावंच लागलं नाही, आजी आधीच जाऊन आल्या होत्या.

पलीकडच्या वाडीत तर लोकांनी मला दुपारपर्यंत सोडलंच नाही. त्यांचं म्हणणं पायऱ्यांचं नव्हतंच. त्यांचं म्हणणं ग्रामसभेची नोटीस त्यांच्याकडं येत नाही. नियमानं सात दिवस आधी नोटीस पाहिजे, वर्षाला किमान चार ग्रामसभा, आणि गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यातलं जे कमी ते. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि फळा पाण्याच्या अलीकडं. म्हणजे ज्यांचे प्रश्न सगळ्यात अवघड त्यांनाच सभा कधी आहे ते माहीत नाही. मी तिथंच पत्रकाच्या मागं पेनानं लिहिलं, नोटीस वाडीच्या देवळावर आणि शाळेवर लावणे. मला वाटतं माझ्या सगळ्या प्रचारातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच झालं, कारण हे मला उभं राहिल्याशिवाय कळलंच नसतं.

आणि मुंबईकर. आमच्या भागातली निम्मी घरं मुंबईच्या जिवावर चालतात, वाशीचं मार्केट, माथाडी, घणसोली-कोपरखैरण्याच्या खोल्या. मतदार यादीत नाव गावाकडं आणि माणूस तिकडं. मतदानाला त्यांना आणायला पॅनेल गाड्या करतं, रात्री तिकडनं निघायचं, पहाटे बामणोली, लाँचनं गाव, मतदान, जेवण आणि परत. एकट्या उमेदवाराला हे शक्यच नाही, २५ हजारांत तर नाहीच. आमचे हे पण मार्केटला कामाला, त्यांनी गावच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की तुम्ही कुणाच्याही गाडीत बसून या, गाडी त्यांची पण मत तुमचं. त्यावर थोडी कुरबूर झाली, पण मंडळाच्या दोन जुन्या माणसांनी त्यांची बाजू घेतली, म्हणाले आपल्या आया-बाया गाळातनं चालतात हे ती खोटं बोलत नाही. त्या दोघांचे मी आयुष्यभर उपकार मानीन.

मतदान शांतपणे झालं. सकाळी साडेसातला थंडी आणि पाण्यावर धुकं, पलीकडच्या वाडीच्या बायका पहिल्या लाँचनं आल्या, नवी लुगडी नेसून. २० तारखेला मेढ्याला मतमोजणी झाली, आमचा वॉर्ड वीस मिनिटांत आटपला. मी १४ मतांनी हरले. जिंकलेल्याला तिथंच भेटून अभिनंदन केलं, चांगला माणूस आहे, मीच त्याला म्हणलं की आता पायऱ्या तुझ्या गळ्यात. रडू आलं का तर आलं, लाँचमध्ये. मामा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "ज्यांनी मत दिलं त्यांना उद्या भेटून यायचं." आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी सगळ्या घरांत जाऊन आलो. ज्यांनी दिलं नाही त्यांच्याकडंही गेलो कारण कुणी दिलं आणि कुणी नाही हे कसं कळणार.

खर्चाचा हिशोब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा असतो, हरलेल्यानंही. बरेच जण देत नाहीत, मग पुढं पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. मी पावत्या लावून दिला आणि पोच घेतली.

मग २६ जानेवारीची ग्रामसभा. झेंडावंदनानंतर. ह्या वेळी नोटीस पलीकडच्या वाडीच्या देवळावर लागली होती, नव्या सरपंचांनी स्वतः माणूस पाठवला होता, हे मी त्यांच्या बाजूनं आवर्जून लिहिते. त्या वाडीतनं एक पूर्ण लाँच भरून बायका आल्या. पायऱ्यांचा विषय मी मांडायच्या आधी त्या पुठ्ठावाल्या आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की पायरीचं काय झालं ते आधी सांगा, मग बाकीचं. ठराव झाला, प्रोसिडिंगला लिहिला गेला, मी तो वाचून घेतला. पहिला टप्पा झालाय, धक्क्यापासून साधारण मध्यापर्यंत पायऱ्या आणि एका बाजूला पाइप. खालचा टप्पा अजून अडलाय कारण ती जागा धरणाच्या हद्दीत येते आणि ना हरकत पत्र पाहिजे, त्या पत्राच्या मागं मी आणि जिंकलेला सदस्य दोघं मिळून लागलोय. सोलर दिवा लागलाय.

आमची मुदत २०२७ च्या शेवटी संपते. आरक्षण काय पडेल ते सोडतीला कळेल, पण माझ्या वॉर्डात मला चालेल अशी जागा निघाली तर मी परत अर्ज भरणार आहे, परत पॅनेलशिवाय. तुमच्यातल्या ज्यांचा विचार असेल त्यांना एवढंच सांगते की कागद आत्तापासून जमवा. जातीच्या राखीव जागेवर लढायचं असेल तर जात पडताळणीचं प्रकरण आजच टाका, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. घरपट्टी दरवर्षी मार्चच्या आत भरा आणि पावती फेकू नका. मतदार यादीत स्वतःचं आणि घरातल्या सगळ्यांचं नाव कुठल्या वॉर्डात पडलंय ते बघा, हरकती घ्यायला फार थोडे दिवस मिळतात. आणि पुढची ग्रामसभा कधी आहे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, विचारून ठेवा, तिथं जाऊन एक प्रश्न तोंडी विचारा आणि तोच लेखी देऊन पोच घ्या.